तिकीटखिडकीचा हिशेब

जुलै २०२३ च्या पहिल्या आठवड्यात इंग्लंडमधील शेकडो रेल्वे स्थानकांवर एक छापील सूचना लागली. या स्थानकावरील तिकीट कार्यालय बंद करण्याचा प्रस्ताव आहे, प्रवाशांनी आपले म्हणणे २१ दिवसांत कळवावे, असा तिचा आशय होता. सूचना वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या, पण तारीख एकच होती, ५ जुलै, आणि युक्तिवादही एकच. १९९५ साली पाचांतील चारांहून अधिक तिकिटे खिडकीवर विकली जात. आता जेमतेम १२ टक्के विकली जातात. बाकीचा प्रवासी मोबाइलवर, संकेतस्थळावर किंवा स्थानकातील यंत्रावर तिकीट काढतो, नाहीतर बँकेचे कार्ड फाटकाला टेकवून आत जातो. मग काचेमागे माणूस बसवून ठेवायचा कशासाठी? त्याला बाहेर आणू, तो फलाटावर उभा राहून प्रवाशांना मदत करील, असे कंपन्यांनी सांगितले. प्रश्न जवळपास एक हजार खिडक्यांचा होता.

चार महिन्यांनी, ३१ ऑक्टोबरला, इंग्लंडच्या वाहतूकमंत्र्यांनी कंपन्यांना हा प्रस्ताव मागे घ्यायला सांगितले. मधल्या काळात साडेसात लाखांहून अधिक प्रतिसाद आले होते. रेल्वेच्या तिकीटखिडकीसारख्या किरकोळ वाटणाऱ्या विषयावर एवढे लोक लेखणी उचलतात, ही गोष्ट प्रशासनात काम करणाऱ्याने दुर्लक्षिण्यासारखी नाही.

मी रेल्वेचा अधिकारी नाही. परंतु केंद्र शासनाच्या नोकरीत ‘व्यवहारांची संख्या घटली आहे, सबब सदर काउंटर चालू ठेवणे किफायतशीर नाही’ या धर्तीच्या टिपण्या माझ्या टेबलावरून पुष्कळ गेल्या आहेत. त्या बहुधा बिनचूक असतात. आकडे खरे असतात, गुणाकार-भागाकार बरोबर असतो. प्रश्न असतो तो आपण काय मोजले याचा. इंग्लंडच्या या वादात तो प्रश्न फार स्वच्छपणे पुढे आला, आणि तो समजून घ्यायचा तर तिकीटखिडकी जन्मली कशी इथपासून पाहावे लागते. कारण ती प्रवाशाच्या सोयीसाठी जन्मलीच नव्हती.

रेल्वेपूर्वी इंग्लंडात घोड्यांच्या प्रवासी गाड्या होत्या. प्रवाशाने सराईतल्या कचेरीत जायचे, कारकुनाने त्याचे नाव वहीत लिहून घ्यायचे आणि पावती द्यायची, अशी पद्धत होती. आपण आजही ‘बुकिंग ऑफिस’ आणि ‘बुकिंग क्लार्क’ म्हणतो, त्यातले ‘बुक’ म्हणजे ही वही. रेल्वे आली तेव्हा सुरुवातीला हीच पद्धत उचलली गेली. दहावीस प्रवाशांच्या गाडीला ती ठीक होती. शेकडो प्रवाशांच्या गाडीला हाताने लिहिलेली पावती पुरणार कशी? वेळ जाई, रांगा लागत. आणि कंपनीच्या दृष्टीने याहून मोठी अडचण अशी की कारकुनाने दिवसभरात किती पावत्या लिहिल्या आणि किती पैसे घेतले, याला कारकुनाच्या शब्दाखेरीज पुरावा नव्हता.

यावर तोडगा काढला तो टॉमस एडमंडसन याने. हा लँकेस्टरचा, १७९२ चा जन्म, क्वेकर पंथाचा, लाकडी सामान घडवण्याच्या कामात तयार झालेला. कार्लाइल येथे धंद्यात त्याचे दिवाळे निघाले आणि १८३६ मध्ये तो न्यूकॅसल अँड कार्लाइल रेल्वेच्या मिल्टन नावाच्या लहानशा स्थानकावर नोकरीला लागला. तेथे त्याने पुठ्ठ्याची छोटी तिकिटे आधीच छापून घेण्याची आणि प्रत्येकावर अनुक्रमांक घालण्याची युक्ती काढली. तिकिटावर तारीख उमटवणारे एक यंत्रही केले. सकाळी खिडकी उघडताना गठ्ठ्यातील पहिल्या तिकिटाचा क्रमांक नोंदवायचा, रात्री उरलेल्यातील पहिल्याचा. वजाबाकी केली की विकलेली तिकिटे, भाड्याने गुणले की गल्ल्यात असायलाच हवी ती रक्कम. एवढे साधे.

त्याच्या कंपनीच्या संचालकांना यात फारसे स्वारस्य वाटले नाही. मँचेस्टर अँड लीड्स रेल्वेने मात्र १८३९ मध्ये त्याला बोलावून घेतले, आणि पुढे एकेक कंपनी ही पद्धत स्वीकारत गेली. एडमंडसन मोबदला घेई तो तिकिटामागे नव्हे, तर लोहमार्गाच्या दर मैलामागे वर्षाला दहा शिलिंग. (तिकिटे मोजण्याची युक्ती काढणाऱ्याने स्वतःचा मोबदला मैलावर ठरवावा, यातली व्यवहारचातुरी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला भावल्याशिवाय राहात नाही.) या कमाईतून त्याने आपले जुने कर्ज फेडले. १८५१ मध्ये तो वारला. त्याचे तिकीट ब्रिटिश रेल्वेवर फेब्रुवारी १९९० पर्यंत चालले. आपल्याकडे तर एकविसाव्या शतकातही ते दिसत होते. लाकडी कपाटातले उभे कप्पे, प्रत्येक गावाचा आणि वर्गाचा वेगळा गठ्ठा, आणि तारखेच्या यंत्राचा तो ‘खट्’ असा आवाज, हे पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना सांगायला नकोच.

सांगायचे ते असे की तिकिटाचा अनुक्रमांक, तिकिटांचे कपाट आणि ते राखणारा काचेमागचा किंवा जाळीमागचा माणूस ही सारी व्यवस्था कंपनीला आपल्याच नोकराचा हिशेब तपासता यावा म्हणून उभी राहिली. १८४२ मध्ये ‘रेल्वे क्लिअरिंग हाऊस’ ही संस्था निघाली. एका कंपनीच्या खिडकीवर तिकीट घेऊन दुसऱ्या कंपनीच्या गाडीने पुढे जाणाऱ्या प्रवाशाचे भाडे दोघींत वाटून देणे हे तिचे काम. छापील, क्रमांकित तिकिटामुळे हे काम सुकर झाले. म्हणजे खिडकी ही मुळात जमाखर्चाची शाखा. प्रवाशाने तेथे काही विचारावे अशी कोणाची योजना नव्हती.

पण लोक विचारू लागले. स्थानकात शिरल्यावर ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, खात्रीने सापडणारा कंपनीचा माणूस हाच होता. गाडी कोणत्या फलाटावर लागेल, पुढची जोडगाडी मिळेल का, म्हाताऱ्या आईला डब्यात चढवायला कोणी हमाल आहे का, हे सगळे त्या खिडकीशी येऊन ठेपले. पिढ्या गेल्या, आणि हिशेबासाठी केलेली सोय स्थानकाचे तोंड होऊन बसली. या दुसऱ्या कामाची नोंद मात्र कोठेच होत नव्हती. नोंदवही तिकिटांचीच राहिली.

याचा पहिला मोठा परिणाम १९६० च्या दशकात दिसला. ब्रिटिश रेल्वे तोट्यात होती, आणि रसायन उद्योगातून आणलेले डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी २७ मार्च १९६३ रोजी आपला प्रसिद्ध अहवाल दिला. २,३६३ स्थानके आणि सुमारे ५,००० मैलांचे मार्ग बंद करावेत, ही त्यातली शिफारस. अहवालाचा पाया म्हणजे एप्रिल १९६१ मधील एका आठवड्याची वाहतूक-मोजणी. एकूण मार्गांपैकी एक तृतीयांश मार्गांवर प्रवासी वाहतुकीचा अवघा एक टक्का भाग होतो, असे तीत दिसले. आकडा खरा होता. परंतु एप्रिलमधला आठवडा समुद्रकाठच्या गावांच्या उन्हाळी गर्दीबद्दल काय सांगणार? शिवाय तिकीट जेथे विकले जाते त्या स्थानकाच्या नावे उत्पन्न लिहिले जाई. मोठ्या शहरातून परतीचे तिकीट घेऊन लहान गावी जाणारा प्रवासी त्या लहान गावच्या हिशेबात दिसतच नसे. बीचिंग यांच्यावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि तीतली काही अतिरंजित आहे. तोट्याचा प्रश्न त्यांनी निर्माण केलेला नव्हता. पण खिडकीवरच्या विक्रीवरून स्थानकाची उपयुक्तता ठरवण्याची सवय तेव्हापासून पक्की झाली, असे मला वाटते.

मार्ग बंद होताना लोकांचे म्हणणे ऐकण्यासाठी वाहतूक उपभोक्त्यांच्या सल्लागार समित्या होत्या. १९६२ च्या कायद्याने त्यांचे काम नेमून दिले होते: बंद केल्याने वापरणाऱ्यांना किती हाल सोसावे लागतील, एवढेच त्यांनी सांगायचे. रेल्वेचा हिशेब बरोबर आहे की नाही, हे विचारण्याचा त्यांना अधिकार नव्हता. एका बाजूला आकडे आणि दुसऱ्या बाजूला हाल, अशी ही वाटणी. आकड्यांत हाल मोजायचे नाहीत आणि हाल सांगणाऱ्याने आकड्यांना हात लावायचा नाही!

येथे विरुद्ध बाजूचे एक उदाहरण दिले नाही तर माझ्याकडून अन्याय होईल. इप्सविच ते लोस्टॉफ्ट हा ईस्ट सफोकमधला मार्ग बीचिंग यांच्या यादीत होता. १९६६ मध्ये मंत्री बार्बरा कासल यांनी तो बंद करण्यास परवानगी नाकारली. मग पूर्व विभागाचे महाव्यवस्थापक जेरार्ड फाइन्स यांनी वेगळी वाट काढली. स्थानकांवरची माणसे कमी करायची, खिडक्या बंद करायच्या आणि गार्डने गाडीतच तिकिटे द्यायची. १९६७ मध्ये अशा गाड्या तेथे सुरू झाल्या. खर्च घटला, मार्ग वाचला, आणि आजही त्यावर गाड्या धावतात. (फाइन्स यांना त्याच वर्षी रेल्वेच्या कारभारावर मोकळेपणाने पुस्तक लिहिल्याबद्दल नोकरी गमवावी लागली, पण ती कथा वेगळी.) म्हणजे खिडकी बंद करणे हे नेहमीच पाप आहे असे नाही. फाइन्स यांच्या योजनेत खिडकीतला माणूस गेला, तरी प्रत्येक गाडीत एक माणूस राहिला, आणि तो प्रत्येक प्रवाशासमोर येत होता, हे लक्षात ठेवावे.

१९९३ च्या कायद्याने ब्रिटिश रेल्वेचे तुकडे करून ते खाजगी कंपन्यांकडे देण्याचे ठरले. तेव्हा जुना, एकोणिसाव्या शतकातला प्रश्न पुन्हा उभा राहिला: एका कंपनीच्या खिडकीवर दुसरीचे तिकीट मिळणार का? जुलै १९९५ मध्ये सर्व कंपन्यांना बांधणारा तिकीट आणि हिशेबवाटणीचा करार झाला. खिडकीवरच्या माणसाने सर्व कंपन्यांची तिकिटे निःपक्षपातीपणे विकावीत, असे त्याने ठरवले. त्या कराराला जोडलेल्या सतराव्या परिशिष्टात देशातील प्रत्येक तिकीट कार्यालयाची वेळ लिहून ठेवली होती. त्या वेळेत कपात करायची, तर स्थानकावर सूचना लावून २१ दिवस हरकती मागवायच्या. बदलामुळे सेवेचा दर्जा किंवा खर्चाची किफायत सुधारते हे दाखवायचे, आणि शिवाय लोकांना तिकीट घेणे सर्वत्र सहज शक्य राहते हेही दाखवायचे. प्रवाशांच्या वैधानिक संस्थेने हरकत घेतली, तर कंपनीला परस्पर पुढे जाता येत नाही. निर्णय मंत्र्यांकडे जातो.

मसुदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तिकीटविक्री होती. खाजगी कंपनी पैसे वाचवायला खिडकी बंद करील, म्हणून वेळा बांधून टाकल्या. स्थानकावर माणूस किती वेळ असावा याबद्दल खिडकीच्या या वेळांइतके नेमके बंधन दुसरीकडे कोठे लिहिलेले नव्हते. परिणामी स्थानकावरच्या माणसाचे संरक्षण कायद्यात आले ते तिकीट विकणारा म्हणून. त्याने तिकीट विकणे थांबवले, की त्याला तेथे ठेवण्याचे बंधनही सैल होणार. २०२३ मध्ये कंपन्या म्हणाल्या, माणूस कमी करत नाही, फक्त काचेबाहेर आणतो. तेव्हा लोकांनी विचारले, तो बाहेर किती वाजेपर्यंत असेल आणि हे कोठे लिहिलेले आहे? याचे समाधानकारक उत्तर मिळेना. अनेक प्रस्तावांत माणूस असण्याचे तासही घटलेले होते.

लंडनमध्ये याची रंगीत तालीम होऊन गेलेली होती. शहराच्या भुयारी रेल्वेवरील खिडक्या बंद होऊ देणार नाही, असे आश्वासन बोरिस जॉन्सन यांनी २००८ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत दिले होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत त्या बंद करण्याची घोषणा झाली, आणि २०१५ मध्ये सुमारे २६० खिडक्या बंद झाल्या. तेथे बाजू बरीच भक्कम होती: भाड्याची रचना सोपी, कार्डाचा प्रसार सार्वत्रिक, आणि प्रवासांपैकी तीन टक्क्यांहूनही कमी खिडकीशी संबंधित. तरीही पुढचे महापौर सादिक खान यांनी २०१६ मध्ये लंडन ट्रॅव्हलवॉच या प्रवासी संस्थेकडून आढावा घेतला, तेव्हा तक्रार निघाली ती तिकिटाची नव्हती. कर्मचारी सापडत नाही, सापडला तर ओळखू येत नाही, मदत मागायला उभे कोठे राहायचे ते कळत नाही, ही तक्रार होती. खिडकी ही एक जागा असते. आंधळ्या माणसालासुद्धा चार वेळा गेल्यावर ती पाठ होते. फलाटावर फिरणारा मदतनीस कितीही तत्पर असला, तरी तो ‘कुठेतरी’ असतो.

म्हणूनच २०२३ च्या वादात अपंग प्रवाशांचा आवाज सर्वांत मोठा होता. अंधांसाठी काम करणाऱ्या रॉयल नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ब्लाइंड पीपल या संस्थेने आपल्या पाहणीचा दाखला दिला: तिकीटयंत्र विनासायास वापरता येते असे म्हणणारे दृष्टिबाधित अवघे ३ टक्के, आणि वापरणे अशक्यच आहे असे म्हणणारे ५८ टक्के. कायदेशीर आव्हानाची तयारी झाली आणि २१ दिवसांची मुदत वाढवून १ सप्टेंबरपर्यंत न्यावी लागली. पाच प्रादेशिक महापौरांनीही कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. संसदेच्या वाहतूक समितीने प्रस्ताव फार पुढे आणि फार घाईने जात असल्याची भूमिका घेतली.

१२ टक्क्यांचा आकडा मला स्वतःला आणखी एका कारणाने खटकला. ब्रिटनमध्ये वर्षाला शंभर कोटींहून अधिक रेल्वे प्रवास होतात. तेव्हा हे १२ टक्के म्हणजे कोट्यवधी व्यवहार. पण ते सोडा. हे १२ टक्के कोण? ज्याचा प्रवास रोजचा आणि सरळ आहे तो केव्हाच मोबाइलकडे गेला. खिडकीशी उरला तो ज्याचे प्रकरण गुंतागुंतीचे आहे, ज्याच्याकडे रोख पैसे आहेत, ज्याला दिसत नाही, ज्याला भाषा येत नाही, किंवा ज्याला कंपनीचे भाडेपत्रक उमगत नाही. आणि ते उमगू नये यात नवल काय? रेल्वे कंपन्यांच्या संघटनेनेच काही वर्षांपूर्वी सांगितले होते की देशात साडेपाच कोटी वेगवेगळी भाडी आहेत. इतकी भाडी तयार करायची, आणि त्यांचा अर्थ लावून स्वस्तातले सांगणारा माणूस अनावश्यक ठरवायचा! शिवाय काही सवलती आणि भटकंतीची तिकिटे अनेक ठिकाणी यंत्रावर मिळतही नव्हती.

अर्थशास्त्रात याला संयुक्त उत्पादन म्हणतात. एका खर्चातून दोन वस्तू निघतात, एकीला किंमत आहे आणि दुसरीला नाही. खिडकीतल्या माणसाचा सगळा पगार तिकिटांच्या संख्येने भागला, तर तिकिटे घटतील तसतसा दर तिकिटामागचा खर्च फुगत जाणार, आणि एके दिवशी तो हास्यास्पद दिसणार. भागाकारात चूक नाही. भाजकात अर्धेच काम आलेले आहे. होल्मस्ट्रॉम आणि मिलग्रोम या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये दाखवले होते की एखाद्याच्या अनेक कामांपैकी एकच मोजता येत असेल आणि मोबदला त्याच्याशी बांधला, तर न मोजता येणारी कामे मागे पडतात. ते बोलत होते नोकराबद्दल. माझ्या अनुभवात हे कार्यालयांनाही लागू पडते. उत्तरेकडील एका राज्यात नेमणुकीवर असताना एका कार्यालयाच्या जनसुविधा काउंटरचे मासिक विवरणपत्र माझ्यापुढे येई. त्यात एकच रकाना होता, दिलेल्या पावत्या. तपासणीला गेलो असता काउंटरवरचा कारकून म्हणाला, “साहब, रसीदवाले कम हैं, पूछनेवाले ज़्यादा।” पुढे पावत्यांच्या आकड्यावरून ते काउंटर दुसऱ्या शाखेत विलीन झाले. विचारणारे थांबले नाहीत. ते दारावरच्या शिपायाला विचारू लागले.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ होती असे मात्र मी म्हणणार नाही. कोविडनंतर उत्पन्न पूर्वपदावर आलेले नव्हते आणि तूट करदाते भरत होते. काचेमागे बसलेल्याला फलाटावर चाकाच्या खुर्चीतील प्रवासी दिसत नाही, हेही खरे. दुपारच्या वेळी रिकामी बसलेली माणसे दुसऱ्या कामाला लावणे यात गैर काही नाही. २०२० पासून कंपन्यांचे करार असे झाले होते की जमाखर्चाची जोखीम सरकारवर आली. काटकसरीचा दट्ट्या त्यामुळे सरकारकडूनच होता. सूचना कंपन्यांच्या नावाने लागली, विरोध वाढल्यावर मंत्र्यांनी तो कंपन्यांचा प्रस्ताव ठरवला. शासकीय नोकरीत वाढलेल्या वाचकाला या वळणाचे आश्चर्य वाटू नये.

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ट्रान्सपोर्ट फोकस आणि लंडन ट्रॅव्हलवॉच या दोन्ही प्रवासी संस्थांनी प्रस्तावांवर हरकत घेतली. तेच मंत्री मार्क हार्पर यांनी त्याच दिवशी कंपन्यांना ते मागे घेण्यास सांगितले. साडेसात लाख प्रतिसादांचे वजन होतेच, पण त्या प्रतिसादांना उतरायला जागा होती, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. १९६२ च्या समित्यांना केवळ हाल सांगता येत. १९९५ च्या कराराने त्यांच्या वारसदारांना नाही म्हणण्याचा अधिकार दिला होता. तिकीटविक्रीच्या कारणाने लिहिलेल्या एका परिशिष्टातला हा अधिकार अठ्ठावीस वर्षांनी वेगळ्याच गोष्टीच्या कामी आला. २०२४ च्या कायद्यानंतर तेथील प्रवासी कंपन्या एकेक करून सरकारी मालकीत येऊ लागल्या आहेत. करार ज्या कंपन्यांना बांधण्यासाठी होता त्याच राहिल्या नाहीत, तर खिडकीच्या वेळा यापुढे कशाने बांधायच्या, हा प्रश्न तेथे पुन्हा निघणार आहे.

आपल्याकडे काय? आपल्याकडे स्थानक, मंडळ आणि क्षेत्रीय पातळीवर रेल्वे उपभोक्ता सल्लागार समित्या आहेत. नावाप्रमाणेच त्या सल्ला देतात. २०१४ मध्ये केंद्र शासनाने कायदे आणि नियम करण्यापूर्वी मसुदा तीस दिवस लोकांसमोर ठेवण्याचे धोरण ठरवले. एखादी खिडकी बंद करणे हा ना कायदा ना नियम, तो प्रशासकीय आदेश. तेव्हा ते धोरण तेथे पोचत नाही. २००२ च्या ऑगस्टमध्ये इंटरनेटवर आरक्षण सुरू झाले आणि आज आरक्षित तिकिटांपैकी पाचांतील चारांहून अधिक त्या मार्गाने निघतात. इंग्लंडमध्ये १९९५ साली जे प्रमाण खिडकीचे होते, ते आपल्या आरक्षणात आता पडद्याचे झाले आहे. अनारक्षित तिकिटाच्या खिडकीपुढची रांग मात्र ज्याने पूर्वांचलातील किंवा बिहारमधील एखाद्या जंक्शनवर छठच्या दिवसांत पाहिली आहे, त्याला १२ टक्क्यांचा युक्तिवाद आपल्याकडे उचलून आणता येणार नाही हे सांगावे लागत नाही.

आपल्या वादाचे रूप वेगळे असेल. आपल्याकडे दोन मार्गांनी घेतलेले तिकीट एकच नसते. प्रतीक्षायादीतले इंटरनेटवरचे तिकीट, आरक्षणतक्ता लागल्यावरही जागा मिळाली नाही, तर आपोआप रद्द होऊन पैसे खात्यात परत जातात. खिडकीवरचे तसेच तिकीट आपोआप रद्द होत नाही, परताव्यासाठी माणसालाच अर्ज करावा लागतो. कोणते बरे, हे ज्याच्या त्याच्या अडचणीवर आहे. पण खिडकी काढली की नुसता विक्रीचा मार्ग जात नाही, तिकिटाचा एक प्रकार जातो.

आणि अनारक्षित तिकिटांसाठी स्थानकात स्वयंचलित यंत्रे आली, तेव्हा आपल्या रेल्वेने एक गोष्ट केली जी इंग्लंडच्या चर्चेत कोणाला सुचली नाही. यंत्रे पुष्कळांना वापरता येईनात, म्हणून यंत्रासमोर उभे राहून प्रवाशाला तिकीट काढून देण्यासाठी रेल्वेच्याच निवृत्त कर्मचाऱ्यांना ‘फॅसिलिटेटर’ म्हणून नेमले. खिडकीतून निवृत्त झालेला बाबू काचेबाहेर येऊन यंत्राशेजारी उभा राहू शकतो. त्याला पगार नाही. काढून दिलेल्या तिकिटांच्या रकमेनुसार कमिशन आहे. गाडी कोणत्या फलाटावर लागेल हे विचारायला जो येतो, त्याला उत्तर देण्याचे त्याला काही मिळत नाही.